ज्यानं उभं केलं त्यानंच उतरवायचं

लढाई संपायच्या आदल्या पावसाळ्यात बेळगावच्या कॅम्पातून आमची एक गार्ड निपाणीच्या बाजूला पोस्ट झाली. एक नाईक, एक लान्स नाईक, सहा शिपाई. नाईक मी होतो. नाव दाविद, राहणार खासबाग. आफ्रिकेत पायाला गोळी लागून परत आलो होतो, म्हणून पलटणीच्या सेंटरनं मला हलक्या ड्यूटीवर ठेवलं होतं. लोक अजून मला आफ्रिकेबद्दल विचारतात. तिथलं सांगण्यासारखं माझ्याजवळ फार नाही. आम्ही बराच वेळ खड्डे खणले आणि माशा मारल्या. मला जे सांगायचं आहे ते घरापासून पन्नास मैलांच्या आत घडलं.

निपाणीपासून दोन-अडीच मैलांवर वेदगंगेला मिळणारा एक ओढा आहे. उन्हाळ्यात सॅपर्सच्या लोकांनी तिथं पूल बांधण्याचं ट्रेनिंग घेतलं आणि पाऊस सुरू होताच ते निघून गेले. मागे राहिला दोर-फळ्यांचा एक कामचलाऊ पूल, आणि पलीकडच्या काठावर सामानाचा ढीग. जाड फळ्या, डांबराची पिंपं, वर ताडपत्री. लॉरी येऊन ते उचलून नेईपर्यंत राखण करायची, एवढंच आमचं काम. आमचे तंबू अलीकडच्या उंच काठावर होते. संतरी पलीकडे ढिगापाशी उभा राहायचा. दर दोन तासांनी बदली.

सहा शिपायांत एक शमुवेल होता. वय बावीस, वडगावचा. बाप लहानपणीच गेलेला. आई, रुताक्का, विणकरांच्या घरी हातमागासाठी सुताच्या कांड्या भरून द्यायची. तो आणि मी एकाच मंडळीतले, खासबागेतल्या कौलारू देवळातले. गार्डमध्ये ख्रिस्ती आम्ही दोघंच. पोरं त्याला ‘पाद्री’ म्हणायची. मला कुणी म्हणत नव्हतं, यातच सगळं आलं.

शमुवेल जेवायच्या आधी डोळे मिटून बसायचा. लान्स नाईक सावंत म्हणून उचगावचा एक गडी होता, मोठा खोडकर. पहिल्याच दिवशी त्यानं शमुवेलचे डोळे मिटलेले असताना ताटातली भाकरी पळवली. शमुवेलनं डोळे उघडले, ताट पाहिलं आणि म्हणाला, “आमेन म्हणायच्या आदीच उचललीसा व्हय? मग खावा. पण आशीर्वाद न लागलेली हाय, पोटात दुखलं तर मला सांगू नका.” सगळे हसले. सावंतानं भाकरी परत दिली आणि त्यानंतर शमुवेलचे डोळे मिटलेले असले की तोच इतरांना गप्प करू लागला.

मी मात्र मेसमध्ये कधी डोळे मिटले नाहीत. माझा बाप्तिस्मा झाला होता, लग्न देवळात लागलं होतं, मेल्यावर कबरस्तानात जागा मिळणार हे ठरलेलं होतं. मधल्या काळाचं मी काही ठरवलं नव्हतं.

आमच्या मंडळीची एक रीत इथं सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मंडळीतले निम्मे लोक लष्करातले. कुणी शिपाई, कुणी खानसामा, कुणी घोड्यांकडे. ईस्टरच्या पहाटे आम्ही सगळे गाणी म्हणत कबरस्तानात जातो. उजाडता उजाडता पाळकसाहेब आजवर प्रभूत झोपी गेलेल्यांची नावं एकेक करून वाचतात, आणि प्रत्येक नावाला त्या घरचं माणूस उत्तर देतं, “हाजर.” शेवटच्या दिवशी खरी हजेरी होईल तेव्हा आपलं माणूस ओ देणार आहे, एवढाच त्याचा अर्थ. शमुवेल आपल्या बापाच्या नावाला ओ द्यायचा. त्याचा आवाज सगळ्यात मोठा असायचा, लोक दचकायचे.

एकदा रायफलला तेल देत बसलो असताना मी त्याला छेडलं. “रोज सकाळ-संध्याकाळ एवढं कशाला रं? देव काय रोज हजेरी घेतो व्हय?”

“रोज घेत न्हाय, म्हणूनच अवघड हाय, अण्णा. एकदाच घेतो. कवा ते सांगत न्हाय.”

“कंटाळा येत न्हाय?”

“लई येतो. पण कंटाळून पोस्ट सोडली आन् नेमका तवाच त्यो बदली घिऊन आला तर? कुठल्या तोंडानं बघायचं त्याच्याकडं?”

मी हसून विषय बदलला. खरं तर मला राग आला होता. आपल्यापेक्षा दहा वर्षांनी लहान पोर आपल्याला काही न सुनावता गप्प करतं, याचा राग येतो.

तो राग मी दुसऱ्या आठवड्यात काढला. संतरीचा नियम असा की गार्ड कमांडरनं ज्याला उभं केलं, त्याला गार्ड कमांडरनंच उतरवायचं. कमांडरला कुठं जायचं असेल तर त्यानं दुसऱ्याला संतरीसमोर नेऊन सांगायचं, आता याचा हुकूम चालेल. एका दुपारी मुसळधार पावसात सावंतला शमुवेलची दया आली आणि मी तंबूत झोपलेला असताना त्यानं त्याला अर्धा तास आधी बोलावून घेतलं. मी सावंतला चार शब्द बोललो. शमुवेलला मात्र रायफल डोक्यावर धरून शेताडातून पळवलं. आपल्या जातभावाला सांभाळतो असं कुणी म्हणायला नको, हे एक कारण. दुसरं वर सांगितलं आहे.

पळून आल्यावर तो चिखलात अटेन्शनमध्ये उभा राहिला. मी सगळ्यांसमोर त्याला विचारलं, “संतरीला कोण उतरवतो?”

“ज्यानं उभं केलं त्यो, साब.”

“दुसरा कुणी आला तर?”

“हलायचं न्हाय, साब.”

“परत बोल.”

तो परत बोलला. मी तीन वेळा वदवून घेतलं.

त्यानंतरचा दुसरा रविवार. कॅप्टनसाहेबांनी आम्हा दोघांपैकी एकाला दर रविवारी निपाणीच्या उपासनेला जायची परवानगी दिली होती. सात ते दहा. आधीच्या रविवारी मी गेलो होतो, म्हणजे पाळी शमुवेलची होती. मी म्हणालो, आज मीच जातो. मला उपासनेची ओढ नव्हती. चार दिवस ओल्या तंबूत काढले होते आणि निपाणीत कोरडं छप्पर होतं.

सहा वाजता मी शमुवेलला पलीकडे नेऊन उभा केला. पाऊस रिपरिप होता. ओढा फळ्यांच्या तीन हात खाली होता. मी त्याला सांगितलं, मी उपासनेला जाऊन येतो.

त्याचं तोंड क्षणभर उतरलं. मग म्हणाला, “जावा अण्णा. माझ्या नावानं बी बसा.”

“दहाला येतो.”

“व्हय.”

सावंतला पुलावरून पलीकडे न्यायचं, शमुवेलसमोर चार्ज द्यायचा, हे माझं काम होतं. पूल निसरडा होता. मी सावंतला तंबूतूनच ओरडून सांगितलं, “आठला बदली कर,” आणि निघालो. चार्ज देण्यात पाच मिनिटं गेली असती.

निपाणीत मी देवळाच्या दारापर्यंत गेलो, हे खोटं नाही. आत पहिलं गीत चाललं होतं. कपडे ओले होते, बूट चिखलानं भरलेले. तेवढ्यात पलटणीतला एक जुना ओळखीचा छत्री घेऊन समोरून आला. तो एका तंबाखूच्या वखारीवर पहारेकरी होता. म्हणाला, चल, मागच्या खोलीत शेगडी आहे. खोलीत शेगडी होती, दारू होती, पत्ते होते. तंबाखूच्या उग्र वासात मी अंग शेकत बसलो. दहा वाजले ते मला कळलं. अकरा वाजले तेही कळलं. पाऊस वाढला होता आणि मी स्वतःला सांगत होतो, या पावसात कुठं जायचं.

इकडे काय झालं ते मला नंतर सावंतानं सांगितलं. आठ वाजता त्यानं बदलीचा शिपाई पाठवला. शमुवेलनं त्याला परत लावून दिला. म्हणाला, नाईकसाहेब दहाला येतात, तोवर मी आहे. शिपायाला पावसात उभं राहायची हौस नव्हतीच, तो आला परत. नऊ वाजता पाणी फळ्यांना लागलं. वेदगंगा फुगली होती आणि ओढ्याचं पाणी पुढे जाण्याऐवजी मागे दाटत होतं. सावंत पुलाच्या तोंडाशी गेला आणि ओरडला, “पाद्री, ये मागं! माझा हुकूम हाय!”

“दहाला येत्यात, साब!”

“अरं मी सांगतोय न्हवं!”

“गेल्या वक्ती तुमच्याच सांगण्यावरनं आलतो, साब!”

सावंत म्हणाला, तो हसत होता. पाणी अजून त्याच्या बुटांपर्यंतही आलं नव्हतं आणि दहाला फक्त तास उरला होता. शमुवेलचं काही चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही. दहाला दहा मिनिटं कमी असताना वरून एक झाड वाहत आलं आणि पूल घेऊन गेलं.

पोहता शमुवेललाही येत नव्हतं आणि गार्डमध्ये कुणालाच येत नव्हतं. सावंत वेळ न घालवता वरच्या गावाकडे पळाला, काहील आणायला. आमच्या भागात पुराच्या वेळी लोक गुळाच्या गुऱ्हाळातली मोठी लोखंडी काहील होडीसारखी वापरतात. दोन माणसं बसतात, एक बांबूनं ढकलतो.

मी साडेबाराला पोचलो. सायकलवर होतो, तोंडाला दारूचा वास होता. काठावर पाच शिपाई दोर घेऊन उभे होते. पलीकडचा सखल काठ पार बुडाला होता. समोर चाळीस यार्ड तांबडं पाणी, आणि मधोमध त्या ढिगावर शमुवेल. पाणी त्याच्या गुडघ्यांना लागलं होतं. रायफल खांद्यावर. तो पहारा देत होता.

मला पाहून तो सावधान झाला.

एक शिपाई म्हणाला, “सावंतसाब काहील आणाय गेल्यात. आत्ता येतील.”

हे मी ऐकलं होतं. ऐकलं नव्हतं असं मी चौकशीत म्हणालो, ते खोटं होतं. मला तो तिथं उभा असलेला बघवेना. तो जितका वेळ उभा राहील तितका वेळ मी गुन्हेगार होतो. मला ते संपवायचं होतं. मी दोर घेतला, एका टोकाला लाकूड बांधलं आणि ओरडलो, “शमुवेल! ड्यूटी खलास! दोर टाकतो, उडी मार!”

त्यानं हात तोंडाशी नेला. पाण्याचा आवाज फार होता, पण शब्द मला नीट ऐकू आले.

“अण्णा, उपासना झाली?”

मी म्हणालो, “झाली!”

त्यानं मान हलवली. समाधान झाल्यासारखी. मग रायफल खांद्यावरून उतरवली आणि वरच्या पिंपाला पट्ट्यानं बांधली, दोन गाठी मारून. मला सलामी दिली. दोर तिसऱ्या फेकीला त्याच्याजवळ पडला आणि त्यानं उडी मारली. दोर त्याच्या हाती लागला होता. सात-आठ हात आम्ही त्याला ओढला. बाभळीचा एक बुंधा आला. त्यानंतर दोर हलका झाला.

काहील पाऊण वाजता आली. सावंत एका बाजूला बसला होता, त्याच्या तळहातांची सालटी निघाली होती. त्यानं ढिगाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या तोंडाचा वास त्याला आला असावा. पाणी त्यापेक्षा चार बोटंही वर चढलं नाही. ढीग संध्याकाळपर्यंत जागेवर होता. दुसऱ्या दिवशी रायफल उतरवून आणली. तिच्यावर गंजाचा ठिपका नव्हता.

प्रेत मिळालं नाही.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी बेळगावला झाली. सावंतानं सांगितलं, “रस्त्यावर पाणी होतं, साब, म्हणून नाईकसाबला उशीर झाला.” तो माझ्यासाठी खोटं बोलला, की माझ्या बायको-मुलांसाठी, मला माहीत नाही. मला ताकीद मिळाली. त्यानंतर सावंत माझ्याशी ड्यूटीपुरतंच बोलला. गावात लोक म्हणत होते, फळ्यांपायी पोरगं गेलं. कॅम्पातले काही म्हणत होते, पाद्री येडा होता. त्या ऑगस्टात लॉरी आली आणि फळ्या घेऊन गेली.

वडगावला रुताक्काकडे त्याची ट्रंक मीच पोचवली. ती मागाच्या खोलीत जमिनीवर बसून कांड्या भरत होती. मी सांगितलं तसा चरखा थांबला. तिनं विचारलं, “शेवटाला काय बोलला?”

“उपासना झाली का, असं विचारलं.”

“मग? झालती न्हवं?”

मी म्हणालो, “व्हय, आक्का. झालती.”

दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी पाण्याच्या आवाजात बोललो होतो, आता शांत खोलीत, तिच्या डोळ्यांत बघून.

तिनं ते मंडळीत सांगितलं. माझा शमुवेल दुसऱ्याला उपासना मिळावी म्हणून उभा राहिला. पाळकसाहेबांनी ते प्रवचनात घेतलं. लोक माझ्याकडे ओल्या डोळ्यांनी बघायचे, कारण ती उपासना ज्याला मिळाली तो माणूस मी. लढाई संपून मी घरी आलो तसं त्यांनी मला मंडळीचा वडील, म्हणजे पंच, नेमलं. मी नाही म्हणालो, तर त्यांना तो माझा नम्रपणा वाटला. दर रविवारी दानाची थाळी घेऊन मी रुताक्कासमोर उभा राहायचो आणि ती मान वर करून माझ्याकडे बघून हसायची. आफ्रिकेत मला तीन महिने उपचार घ्यावे लागले होते. ते सोपं होतं.

ईस्टरला शमुवेलचं नाव वाचलं जायचं. कबर नव्हती, पण नाव होतं. रुताक्का म्हणायची, “हाजर.” त्याचा आवाज मोठा, हिचा अगदी बारीक.

अडीच वर्षं मी हे असं ओढलं. त्या हिवाळ्याच्या शेवटी रुताक्कानं अंथरूण धरलं. छातीत कफ, श्वास लागायचा. एका दुपारी मी तिच्याकडे गेलो, शेजारणीला बाहेर जायला सांगितलं आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. वखार, दारू, पत्ते. चार्ज न देता निघालो ते. त्याला पळवलं ते. काहील येत होती आणि मी थांबलो नाही ते. वेळेसकट सांगितलं, रिपोर्ट देतात तसं. नाहीतर मला सांगता आलं नसतं.

ती छताकडे बघत होती. मग म्हणाली, “मग त्यो उभा र्‍हायला कुणासाठी रं?”

“माझ्यासाठी, आक्का. माझ्या हुकमासाठी.”

“तुझ्यासाठी न्हाय.” तिचा आवाज एकदम कडक झाला. “तू गेलतास पत्ते खेळाय. तुझ्यासाठी कोण उभं र्‍हातंय? माझा पोरगा ज्याच्यासाठी उभा हुता, त्यो पत्ते खेळाय गेलता न्हाय.”

मी तिच्या पायांशी बसलो. मी रडलो, हे लिहायला मला लाज नाही. “आक्का, मला माफ कर,” म्हणालो.

ती दम घेत घेत बोलली. “माफ केलं, असं नुसतं तोंडानं म्हणाय येतं. आतनं म्हणाय मला लई दिस लागतील, आन् तेवढं दिस माझ्याजवळ न्हाईत. तिथं गेल्यावर बघू.”

“तिथं मी येईन का, आक्का?”

“ते मला काय इचारतोस? तुला उभं केलंय न्हवं बाप्तिस्म्याला? मग उभा र्‍हा. कंटाळा आला तरी उभा र्‍हा. त्यो उतरवंल तवर.” मग तिनं तोंड भिंतीकडे केलं. “आता जा. मला खोकला येतोय.”

पाचव्या दिवशी ती गेली. मी मंडळीसमोर उभा राहून हेच सगळं सांगितलं आणि वडीलपण सोडलं. बरेच लोक त्यानंतर माझ्याशी बोलले नाहीत. काही अजून बोलत नाहीत. बायको आठ दिवस माहेरी होती. मी रविवारी जात राहिलो. शेवटच्या बाकावर बसायचो, शेजारी कुणी बसायचं नाही. देव माझ्याशी बोलला, मन हलकं झालं, असलं काही मी सांगणार नाही. बहुतेक रविवारी मला तिथून उठून जावंसं वाटायचं. उठलो नाही, एवढंच.

स्वराज्य यायच्या चार महिने आधीचा तो ईस्टर. पहाटे आम्ही कबरस्तानात गेलो. मी सगळ्यांच्या मागे, फाटकाशी उभा होतो. पाळकसाहेब कंदिलाच्या उजेडात नावं वाचू लागले. एकेका घरातून ओ येत होती. मग त्यांनी शमुवेलचं नाव वाचलं.

कुणी बोललं नाही. त्या घरात आता कुणी नव्हतं. पाळकसाहेब थांबले. त्यांनी पुन्हा नाव वाचलं. ही ओ द्यायचा मला काही हक्क नव्हता. पण त्याला पोस्टवर मी उभा केला होता, आणि पोस्टवर कोण आहे याचा जबाब गार्ड कमांडरनंच द्यायचा असतो.

मी म्हणालो, “हाजर.”

काही माना वळल्या. पाळकसाहेबांनी पुढचं नाव वाचलं. रुताक्काचं. तिच्याही घरचं कुणी नव्हतं. मी पुन्हा ओ दिली.

दर वर्षी मी या दोन नावांना ओ देतो. पाय आता फार दुखतो, कबरस्तानाचा चढ चढवत नाही, तरी जातो. मला तिथं पोचायचं आहे. शमुवेलला सांगायचं आहे की उपासना झाली नव्हती. आणि म्हातारीचं माझ्याशी बोलणं अजून राहिलं आहे.